जुबेदाचा मुऱ्हाळी

युसुफभाऊ, तू गेलास हे मला केळीच्या ट्रकवाल्यानं सांगितलं. मुंबईला निघालेला ट्रक धुळ्याला देवपुरात आमच्या दारापुढे थांबला, तशी मी हातातलं टाकून बाहेर आले. फैजपूरचा ट्रक थांबला म्हणजे तू काहीतरी पाठवलेलं असणार, भरताची वांगी नाहीतर केळीची फणी. ड्रायव्हर खाली उतरला आणि नुसताच उभा राहिला. मी म्हटलं, "काय रे, भाऊनं काय दिलंय?" तो म्हणाला, "अक्का, भाऊ गेला." मी त्या बिचाऱ्यावरच खेकसले, "गेला म्हणजे कुठं गेला? नीट सांग ना!"

फैजपूरला पोचले तोवर तुझी माती होऊन गेली होती. तुमच्यात थांबत नाहीत, ठाऊक आहे मला. तरी एक बस येईपर्यंत थांबायला काय हरकत होती? मला उशीर झाला म्हणून जन्मभर तू धुळ्याच्या स्टँडवर माझ्या नावानं ओरडलास, आणि शेवटी स्वतःच पुढं निघून गेलास. याचा मला राग आलाय आणि तो मी इथंच काढणार आहे. घरी परत आल्यावर तीन दिवस मी देवाला हात लावला नाही. यांनी विचारलं, "हे सुतक कोणत्या शास्त्रातलं?" मी म्हटलं, "माझा भाऊ गेलाय. शास्त्र मागून बघू." वकील माणूस बायकोपुढं गप्प बसला, हे तू बघायला हवं होतंस.

आपल्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेली लेक माहेरी आणायची. तिला आणायला भावानं जायचं, आणि त्या जाणाऱ्याला मुऱ्हाळी म्हणायचं. तुला हे काय सांगायचं म्हणा, पण माझ्या नातवंडांना आता हा शब्दसुद्धा माहीत नाही, म्हणून लिहून ठेवते. मला भाऊ नव्हता. लग्नानंतरची माझी पहिली आखाजी आली तेव्हा आईच्या तोंडाचं पाणी पळालं, लेकीला आणायला पाठवू कोणाला? तुझी अम्मा शेजारच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "आमचा युसुफ काय मेला का? जाईल तो." झालं, ठरलं. कोणी कोणाला विचारलं नाही आणि कोणाला त्यात वावगंही वाटलं नाही.

वावगं वाटलं ते इकडं, माझ्या सासूबाईंना. तू ओसरीवर बसलास, त्यांनी तुला पितळी पेल्यातून पाणी दिलं, आणि तू उठल्यावर तो पेला चुलीत टाकून भाजून घेतला. तू ते पाहिलंस. लाजेनं मला धरणी ठाव देईना. मनात म्हटलं, हा आता पुढच्या वर्षी उंबरा चढत नाही. पुढच्या आखाजीला तू हजर, आणि पिशवीतून स्वतःचा पेला काढून म्हणालास, "आत्या, काहाले सरपन जाळता? मी माह्या घरून आनलाय." सासूबाईंचा चेहरा आधी एवढासा झाला. मग पदर तोंडाला लावून त्या अशा हसल्या, अशा हसल्या की त्यांना ठसका लागला. "हाऊ पोऱ्या तं भलता चंट शे व!" म्हणाल्या. पुढं पुढं तर तू गल्लीच्या तोंडाशी दिसलास की सासूबाईच दारातून हाक मारायच्या, "सुमन, तुना भाऊ उना व!" आणि तुझ्या पानात तूप माझ्यापेक्षा जास्त पडायचं.

तुझी खरी बहीण जुबेदा. जुबी. ती आणि मी चौथीपर्यंत मराठी शाळेत एका बाकावर. आखाजीच्या झोक्यावर ती उभ्यानं असा झोका चढवायची की चिंचेची फांदी करकरायची आणि मी खाली बसून किंचाळायची. तिचं लग्न माझ्याच वर्षी झालं, भुसावळच्या लोकोशेडमधल्या फिटरशी. पुढं फाळणीत रेल्वेवाल्यांना विचारलं, इकडं राहता की तिकडं जाता. बढती मिळेल म्हणून तो तिकडं म्हणाला. त्याला मिळालं ते लाहोर नाही की कराची नाही, पाकिस्तानच्या पार पूर्वेकडचं, बंगालातलं सैदपूर, रेल्वेच्या कारखान्याचं गाव. तू म्हणायचास, "माह्या मेहुन्याले वाटलं बदली झाली. देश बदलला हे त्याले मागून समजलं."

मधे एकदा ती येऊन गेली, पासपोर्ट घेऊन. माहेरी येताना पासपोर्ट लागतो याचं तिला इतकं हसू यायचं की ती तो हळदीकुंकवाच्या करंड्यासारखा सगळ्या आळीला दाखवत फिरली. मग पासष्टची लढाई झाली आणि ते दारही मिटलं. त्या सालापासून तू मला न्यायला आखाजीच्या चार दिवस आधीच येऊन धडकायला लागलास. माझ्या शाळेच्या परीक्षा असायच्या, पेपर तपासायचे असायचे. मी चिडले की म्हणायचास, "एक तरी आनू दे मले." मी पेपर पिशवीत भरायची आणि निघायची.

पारोळा, एरंडोल, जळगाव आणि पुढं फैजपूर. त्या रस्त्यावर आपण जेवढं भांडलो तेवढं मी नवऱ्याशीही भांडलेली नाही. तू केळीच्या वॅगनी भरणाऱ्यांचा मुकादम, आवाज सगळा स्टेशनावरचा. मी मास्तरीण, मला वर्ग गप्प बसवायची सवय. एकटं सत्तर साल सोडलं तर तू कधी चुकला नाहीस. त्या वर्षी ऐन आखाजीच्या सुमाराला जळगाव हिंदू-मुसलमान दंगलीत पेटलं होतं. मी पिशवी भरून दारात बसले आणि तू आला नाहीस. महिन्यानं आलास तेव्हा मी तोंड फिरवलं. तू म्हणालास, "मले माह्यी भीती नव्हती. मी तुह्याजवळ बसलो असतो आन कोनी तुले काही केलं असतं, तं?" एवढं बोलून तू माझ्या धाकट्याला कडेवर घेऊन बाहेर गेलास. आपल्या गावात, आपल्या बसमध्ये, माझ्या शेजारी बसायची माझ्या भावाला भीती वाटावी! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग एकाहत्तर आलं. तिकडं बंगालात पाकिस्तानी लष्करानं कत्तल मांडली होती आणि लोक जीव घेऊन पळून येत होते. आम्ही देवपूरच्या बायका घरोघर फिरून लुगडी, चादरी, पोरांचे कपडे गोळा करत होतो. तू आलास आणि ढीग बघून म्हणालास, "रेडिओवाले वाढवून सांगतात." कसं बोलवलं रे तुला ते? मी तुला फाडून खाल्लं. तू चुकला होतास, भाऊ. तू गेलास म्हणून मी ते विसरल्यासारखं करणार नाही. पण आज मला दिसतं की ते तुला खरं मानायचंच नव्हतं. खरं मानलं तर जुबीच्या वस्तीतले लोक कोणाच्या बाजूनं उभे आहेत, हाही प्रश्न आला असता. ती उर्दू बोलणाऱ्या रेल्वेवाल्यांची वस्ती. त्यांच्यातले काही लष्कराला सामील झाले, शेजाऱ्यांवर उठले. हेही खोटं नव्हतं.

डिसेंबरात तो देश पाकिस्तानातून सुटला. मी शाळेत पेढे वाटले आणि अजूनही वाटीन. आपल्या भाषेसाठी, आपल्या माणसासारखं जगायला मिळावं म्हणून लोकांनी एवढं सोसलं, त्याचा आनंद नाही करायचा? पुढच्या आखाजीला बसमध्ये मी तुला हेच सांगत होते. नवा देश आहे, अजून कच्चा आहे, सहा महिन्यांत सगळं ठीक होईल. तू खिडकीबाहेर बघत होतास. मग एकदम म्हणालास, "बरंच झालं तो देश सुटला. मी कधी नाही म्हनलो? पन मी वॅगन भरतो तं वरचा घड पाहून माल पास नाही करत. तळाचा पाह्यतो. तळाचा दबला का माल गेला."

"देश म्हणजे काय केळीची वॅगन आहे?"

"मंग काय हाये? माह्यी बहीन तळाशी हाये, येवढं मले समजते."

"तिकडच्या तुमच्या लोकांनी काय केलं ते वाचलंस ना?"

"काहीनी केलं. मेहुन्यानं केलं का नाही, मले ठाऊक नाही. खुदाकसम ठाऊक नाही. जुबीनं नाही केलं, येवढं ठाऊक हाये. तिकडं समद्या उर्दूवाल्यांले बिहारी म्हनतात, तिलेबी, सुमन! तिनं बिहार पाहेलंबी नाही!"

आपला आवाज इतका चढला होता की एरंडोलला चढलेल्या एका म्हाताऱ्यानं न राहवून विचारलं, "बहीणभाऊ दिसता. शेताची वाटणी व्हय?" तू म्हणालास, "नाही आबा, देशाची." म्हातारा म्हणाला, "मग तं मिटत नाही." आणि डोळे मिटून झोपी गेला. त्यावर आपण दोघंही हसलो. मला तुझं हसू पाहून बरं वाटलं, कारण जुबी जिवंत आहे की नाही हेसुद्धा तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं.

ती जिवंत असल्याचं त्या पावसाळ्यात कळलं. कलकत्त्याहून फिरत फिरत आलेलं तिचं पत्र तू वाचलंस आणि तडक धुळ्याला घेऊन आलास, मला दाखवायला. पत्र मराठीत, आपल्या शाळेतल्या बाईंनी गिरवून घेतलेल्या त्याच गोल अक्षरात. जिला तिथं उर्दूवाली म्हणून बेघर केलं, तिला उर्दू लिहिता येत नव्हतं! नवऱ्याला लोकांनी घरातून नेलं, तो परत आला नाही. शेजारच्या बंगाली बाईनं जुबीला आणि तिच्या मुलाला भाताच्या कोठीत लपवलं, म्हणून ती दोघं वाचली. आता छावणीत आहेत. तिथं गोरे साहेब आले आणि एकेकाला विचारत गेले, पाकिस्तानात जायचं की इथलं होऊन राहायचं. जुबीची पाळी आली. कुठं जायचं? ती म्हणाली, फैजपूर.

दुभाष्यानं पुन्हा समजावलं, बाई, दोनातलं एक सांग. ती पुन्हा म्हणाली, फैजपूर. मागचे लोक ओरडायला लागले, तिला बाजूला केलं आणि रांग पुढं सरकली. तिचं नाव इकडंही लागलं नाही आणि तिकडंही नाही. आपल्याकडच्या बाईला कुठं जायचं विचारलं, तर ती माहेरच सांगणार. नवरा गेलेली बाई तर नक्कीच. ही चूक म्हणावी तर आपल्याकडच्या बाईशिवाय दुसऱ्या कोणाला ती सुचलीही नसती.

मी ते सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि तू हसायला लागलास. "पाह्यलं का, माह्यी बहीन! साहेबाले म्हने फैजपूर!" हसता हसता तुझं हसू कधी फिरलं ते कळलंच नाही. मिशांना पीळ भरणारा, पन्नास हमालांना एका हाकेत उभं करणारा माणूस तू, माझ्या सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडलास. म्हातारी तुझ्या केसांतून हात फिरवत राहिली. "रडी ले, भाऊ, रडी ले," एवढंच म्हणत होती.

तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. माझं म्हणणं साधं होतं. जुबीला लिही, "मी इथलीच" म्हणून तिथल्या साहेबांना सांग. पोरगं त्या मातीत जन्मलं, त्याला बंगाली येतं. ज्या बाईनं कोठीत लपवलं ती पण तिथलीच ना? आज ना उद्या राग निवेल. माणसाला कुठला तरी देश लागतो, भाऊ, नुसत्या माहेरावर रेशन मिळत नाही. तू ऐकून घ्यायचास आणि मान हलवायचास. "मी हाये ना अजून. भाऊ हाये तवर माहेर हाये. ते मी माह्या हातानं कसं मोडू?" मी म्हणायची, हट्टी आहेस. तू म्हणायचास, तू पुस्तकी आहेस. दोघांचंही खरं होतं.

तिला कायमची इकडं आणायचा अर्ज मी लिहून दिला. चांगला लिहिला होता, यांच्याकडून तपासून घेतला होता. कारण म्हणून लिहिलं होतं, "निराधार भगिनीस कुटुंबात आश्रय देणे." तुला ते पटेना. "हे खोटं हाये. ती निराधार काहून? कारन लिही, आखाजीले मुऱ्हाळी जानार हाये." मी लाख सांगितलं, पण तू ते लिहायला लावलंसच. कचेरीतल्या साहेबानं वाचलं आणि तुला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अर्जदार मुसलमान, बाई मुसलमान आणि सण हिंदूंचा! यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे, असं त्याला वाटलं. त्यानं तुझ्यामागं चौकशी लावली. पोलीस फैजपूरला येऊन आळीत विचारून गेला, ही आखाजीची काय भानगड? आमच्या आईनं त्याला सांजोरी खायला दिली आणि झाडावरचा झोका दाखवला. तो बिचारा सांजोरी खाऊन गेला, अर्ज मात्र फेटाळला. कचेरीतून परत येताना बसमध्ये मी तुझ्यावर संतापले होते, आणि तू म्हणालास, "सरकारले खोटं चालते, खरं चालत नाही, त्याले मी काय करू?"

तरी तू सोडलं नाहीस. मग तू स्वतःचा पासपोर्ट काढायला लागलास. मी विचारलं, तिला आणता येणार नाही, मग जाऊन करणार काय? तू माझ्याकडं असं पाहिलंस की जणू मलाच वेड लागलंय. सासरचे लेकीला पाठवोत न पाठवोत, मुऱ्हाळ्यानं दारापर्यंत जायचं असतं, तिच्या हातचं पाणी प्यायचं असतं. एवढ्यासाठी तू हजारो कोस जाणार होतास. यंदाच्या आखाजीला. पासपोर्ट हातात आला होता, जुबीला कळवलं होतंस. आणि ऐन थंडीत, सावद्याच्या फलाटावर, वॅगन भरून दार लावताना छातीत कळ आली म्हणे. खाली बसलास आणि मग उठला नाहीस. डॉक्टरला बोलवायलासुद्धा वेळ दिला नाहीस रे.

मी तुझ्या घरी पोचले तर रशीदावहिनींनी माझा हातच धरला. "जुबीला कळवू नका, अक्का. ती तिथं यांच्या वाटेकडं डोळे लावून बसलीय. तेवढ्यावर तर ती जगते." मला ते पटलं आणि पटलंही नाही. आखाजी येणार, ती दाराशी बसणार आणि कोणी येणार नाही. मग पुढची आखाजी. असं किती वर्षं तिला झुलवायचं? आम्ही दोघी रडत बसलो, मध्येच भांडत बसलो. शेवटी वहिनीच डोळे पुसून म्हणाल्या, "लिहा. तुम्हीच लिहा, मराठीत." मी लिहिलं. सहा महिन्यांत सगळं ठीक होईल, हे एकच वाक्य लिहिलं नाही. भाऊ गेला, असं लिहिलं. मी आहे, असं लिहिलं.

उद्या तुझा चाळिसावा. मी आजच फैजपूरला आले आहे, एकटी, न्यायला कोणी आलं नव्हतं. धुळ्याहून निघायच्या आधी जुबीचं उत्तर आलं, ते बसमध्ये वाचत आले. खिडकीशी तू नव्हतास, त्यामुळं कोणी मधे तोंड घातलं नाही. ती लिहिते:

"सुमन, भाऊ होता तवर मी फैजपूरची होती. आता कोनाच्या नावानं सांगू? चार दिवस पडून होती. मंग हापिसात गेली आन सांगितलं, लिहा, मी इथलीच. त्यांनी लिहून घेतलं. पोराले रेल्वेच्या कारखान्यात काम लागंन म्हनतात. तू वाईट वाटून घेऊ नको. तू तं पहिल्यापासून हेच सांगत होती."

पहिल्यापासून मी हेच सांगत होते, भाऊ. त्या एका गोष्टीसाठी मी तुझ्याशी पारोळ्यापासून फैजपूरपर्यंत भांडले, दर वर्षी. आज तिला देश मिळाला आणि आपलं भांडण मी जिंकले. वहिनींना अजून वाचून दाखवलं नाही. एरंडोलपासून मी नुसती रडतेय.